एमेटच्या सहीने

२२ फेब्रुवारी, बुधवार

दर वर्षी ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात मी गोड सोडते आणि दर वर्षी पहिल्याच आठवड्यात एखाद्या डोनटपुढे शरण जाते. आज कपाळाला राख लावताना फादर म्हणाले, "बर्नडेट, या वर्षी सोडण्याच्या भानगडीत पडू नकोस. ईस्टरपर्यंत थोडं लिहीत जा. दिवसभरात आपण कसे वागलो, एवढंच." मला वाटलं, यात काय अवघड आहे! मी काही वाईट वागत नाही. चुगल्या करते, पण त्या खऱ्या असतात.

तर सुरुवात करते. मी बर्नडेट कुचिन्स्की, विधवा, गुडघे दुखरे, जीभ ठणठणीत. ईरी गावात स्टेट स्ट्रीटवर, पूर्वी जोड्यांचं दुकान होतं त्याच्या वरच्या मजल्यावर एमेट स्ट्रॉब यांचं वकिलीचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एमेट आणि मी. ते पंचाहत्तरीला टेकलेत. कोर्टात बोलतात ते, कागद पाठवते मी. हल्ली सगळं कोर्टाच्या वेबसाइटवरून जातं, आणि ते वकिलाच्या नावाने, वकिलाच्या पासवर्डने, वकिलाच्या सहीनेच जावं लागतं. आमच्यासारख्या प्रत्येक छोट्या ऑफिसात त्या पासवर्डवर माझ्यासारखी एखादी बाई बसलेली असते. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

सध्या मोठा खटला एकच, चारलीन ड्रेपर यांचा. त्यांचा मुलगा टेव्हिन एका भांडणात गोळी लागून गेला, आणि ते भांडण त्याचं नव्हतंच. ती बंदूक कुठल्या दुकानातून आलेली नव्हती. कुणीतरी आपल्या तळघरात थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकची छापली होती. नंबर नाही, पावती नाही, मालक नाही. तिचा आराखडा टेक्ससमधल्या एका कंपनीच्या साइटवर कुणालाही मिळत होता. मिसेस ड्रेपरनी त्या कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणते, आराखडा म्हणजे बोलणंच, आणि या देशात बोलण्यावर बंदी घालता येत नाही. जज हॅल्व्हर्सन बाईंनी तो आराखडा सध्यापुरता साइटवरून उतरवायला लावलाय. मिसेस ड्रेपरना भरपाईचं काही पडलेलं नाही. त्या म्हणतात, "माझं पोर परत येणार नाही, ते मला कळतं. पण ती वस्तू तरी परत येऊ नये."

आज एमेटनी चष्मा कपाळावर ठेवून ऑफिसभर चष्मा शोधला. मी मुद्दाम सांगितलं नाही. हसून घेतलं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

धावपळीचा दिवस. बंदी पुढे चालू ठेवावी, या अर्जाची आज शेवटची तारीख. मिसेस ड्रेपर सकाळीच घरी भाजलेली रताळ्याची गोड पाई घेऊन हजर. एमेटनी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "अर्ज आज मी स्वतः पाठवतो. बटण मात्र तुम्ही दाबा." त्यांनी देवाचं नाव घेऊन दाबलं. डोळे पुसले. मग आम्ही तिघांनी पाई खाल्ली. गोड सोडलेलं नाही ते बरंच झालं.

दुपारी एमेट भावाला भेटायला निघाले. ओट्टो नर्सिंग होममध्ये आहे, त्याला काही आठवत नाही. जिन्यावरून परत येऊन म्हणाले, "बर्नी, जोडपत्रं तेवढी तू पाठव. आपल्या तज्ज्ञाचा अहवाल आणि त्याच्यासोबतचा आराखडा सीलबंद. बाकी उघडं."

"मला शिकवताय?"

"शिकवत नाही गं. म्हातारा माणूस आहे, दोनदा बोलतो. आराखडा सीलबंद."

तो आराखडा कंपनीने जजबाईंच्या हुकमावरून आमच्या हवाली केलाय, कुणाला दाखवायचा नाही या अटीवर. उघडा चढवलेला कागद कोर्टाच्या साइटवर कुणालाही वाचता येतो, सीलबंद फक्त कोर्टाला; ते मला पाठ आहे.

चर्चच्या हॉलमध्ये आज लेंटमधला पहिला फिश फ्राय; या दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून सगळ्यांना तळलेल्या माशांचं जेवण. गावाच्या पूर्वेकडची अख्खी पोलिश मंडळी येणार आणि कढईपाशी चर्चमधली ल्यूसिल एकटी. ल्यूसिलच्या हातचा मासा एकतर कच्चा नाहीतर कोळसा. एकेक कागद चढवत बसले असते तर जेवणं उरकली असती. म्हणून अख्खं फोल्डर उचललं आणि टाकलं. मशीन लाल अक्षरांत काहीतरी विचारत होतं. ते रोजच काहीतरी विचारतं. हो म्हटलं आणि कोट चढवला.

मासे अप्रतिम झाले. फादरनी तीनदा वाढून घेतलं.

२७ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी दार उघडते तोच फोन. टेक्ससच्या कंपनीचा वकील, अगदी गोड आवाज. "मिस्टर स्ट्रॉबना आमचे आभार कळवा." मला वाटलं, दारू पिऊन बोलतोय. मग एमेट आले, त्यांनी कोर्टाची साइट उघडली, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. आराखडा उघडा पडला होता. शनिवार-रविवार कोर्ट बंद, म्हणजे दोन दिवस तो तिथे पडून होता. कोर्टाच्या कारकुनाने आज सकाळी काढला, तोवर कुणी उतरवून घेतला, कुणी आणखी कुठे चढवला, त्याला गणती नाही. कंपनीने तर साइटवर मोठ्या अक्षरांत टाकलंय: "आम्ही बंदी पाळली. मिसेस ड्रेपर यांच्या वकिलांनी पाळली नाही."

एमेटनी पडदा पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी विचारलं, "बर्नी, शुक्रवारी ते मी पाठवलं की तू?"

मी म्हटलं, "तुमच्या नावाने गेलंय."

खोटं नाही ते. पडद्यावर त्यांचंच नाव होतं. खाली त्यांची सही.

"म्हणजे मीच," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. "अर्ज पाठवला तेव्हाच सगळं पाठवलं असणार. मला वाटत होतं, तुला सांगितलं."

मी कॉफी करायला गेले. शुक्रवारचं मला नीट आठवत नाही. त्या दिवशी किती गडबड होती! आणि कायद्याने पाहिलं तर पाठवणारा वकीलच असतो.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

मिसेस ड्रेपर आल्या. आल्या म्हणजे दार ढकलून थेट एमेटच्या टेबलासमोर.

"डोक्यात भुसा भरलाय का तुमच्या? सांगा की मला! वर्षभर मी तुमच्यावर विश्वास टाकला. ज्या गोष्टीसाठी मी रडले, ती तुम्ही जगाला वाटून टाकलीत! जेवढ्यांनी ती उतरवून घेतली, तेवढ्यांच्या घरात माझ्या टेव्हिनची बंदूक आहे आता. कळतंय का तुम्हाला?"

एमेट म्हणाले, "कळतंय. चूक माझी आहे."

"नुसती चूक?"

"माझं वय झालंय, मिसेस ड्रेपर. मला आधीच थांबायला हवं होतं."

मी दाराशी पाण्याचा ग्लास घेऊन उभी. मिसेस ड्रेपरनी तो घेतला, पाणी प्यायल्या, आणि एकदम माझ्या गळ्यात पडल्या. "अगं बर्नडेट, तू होतीस म्हणून मी इथे येत होते," म्हणाल्या. रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

पाठीवर हात फिरवताना मला माझ्या हाताची लाज वाटत होती. हे लिहिलं, बस.

३ मार्च, शुक्रवार

फिश फ्राय. ल्यूसिल म्हणाली, "पेपरात तुमच्या साहेबांचं नाव आलंय की." मी म्हटलं, "काय करणार, वय झालं. हल्ली विसरतात." मग मला थांबताच येईना. परवा मला त्यांच्या कुत्रीच्या नावाने हाक मारली, ते सांगितलं. चष्म्याचं सांगितलं. ल्यूसिलने च् च् केलं आणि ते पुढच्या टेबलावर नेलं. मासे वाढून होईपर्यंत सगळ्या हॉलला कळलं होतं की एमेट स्ट्रॉब ओट्टोच्या वाटेवर आहेत.

कुत्रीच्या नावाने त्यांनी मला गेली कित्येक वर्षं हाक मारली आहे. ती गंमत आहे. आधी ती कुत्री मेली, मग गंमत तेवढी उरली. हे मी ल्यूसिलला सांगितलं नाही.

९ मार्च, गुरुवार

सुनावणी. मी एमेटच्या मागच्या बाकावर, मांडीवर कागदांचा खोका.

टेक्ससचा वकील तरुण, बूट चकचकीत. म्हणाला, "जे सगळ्या जगाकडे आहे त्यावर बंदी घालून कोर्ट काय साधणार? आणि ते जगाला आम्ही दिलेलं नाही." जजबाईंनी चष्म्यावरून एमेटकडे पाहिलं. एमेटना त्या ओळखतात. एमेटनी जजबाईंसमोर उभं राहून वकिली केली, आणि त्या स्वतः वकील होत्या तेव्हा त्यांच्या विरुद्ध उभं राहूनही केली.

"मिस्टर स्ट्रॉब, हा दस्तऐवज दाखल कुणी केला?"

एमेट उठले. मला वाटलं, मागे वळून माझ्याकडे बघतील. वळले नाहीत.

"मी केला, युअर ऑनर."

"तुम्ही स्वतः?"

"माझ्या नावाने गेला आहे."

माझंच वाक्य. मी खोक्याची कड धरून बसले. एक पाऊल पुढे जाऊन बोलायचं होतं. नुसतं उभं राहिले असते तरी जजबाईंनी विचारलं असतं. माझे गुडघे दुखतात, पण इतके नाही.

बंदी उठली. आराखड्यापुरतं भांडण संपलं, आता उरलाय तो फक्त टेव्हिनच्या मृत्यूचा दावा. जजबाईंनी एमेटना हे कसं घडलं याचं शपथपत्र ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारपर्यंत द्यायला सांगितलं. मिसेस ड्रेपर बाहेर जाताना एमेटच्या अंगावरून गेल्या, जणू तिथे कुणी नव्हतंच. माझा हात मात्र दाबून गेल्या.

१५ मार्च, बुधवार

नोरा क्लीव्हलंडहून आली आहे. एमेटची एकुलती मुलगी, नर्स, स्वभावाने धडाक्याची. कुणीतरी चर्चमधलं तिला बोललं. कुणी, ते मी विचारलं नाही. तिने वडिलांकडून गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि डॉक्टरांची वेळ ठरवली. "ओट्टो काकाचंही असंच सुरू झालं होतं," ती मला म्हणाली. "आधी एक मोठी चूक. तुम्हीच सांगा बर्नडेट, तुम्ही रोज त्यांच्याबरोबर असता. विसरतात ना?"

"थोडंफार," मी म्हटलं.

संध्याकाळी एमेट माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "डॉक्टर पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने विचारतात म्हणे. जरा तालीम घे माझी."

मी सांगितले. सफरचंद, पूल, पेन्सिल, गाय आणि आणखी एक. मग आम्ही हवामानाबद्दल बोललो, ल्यूसिलबद्दल बोललो. ते म्हणाले, "आता विचार." त्यांनी धडाधड सांगितलं: "सफरचंद, पूल, पेन्सिल, गाय, चमचा." आणि माझ्याकडे शाळकरी मुलासारखे बघत राहिले.

मी पाचवा चमचा म्हटलं होतं की चर्च, मलाच आठवेना. "बरोबर?" त्यांनी विचारलं. "बहुतेक," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. चमचाच होता. घरी येताना आठवलं.

१९ मार्च, रविवार

एमेटना गाडी चालवायची नाही, म्हणून ओट्टोकडे मी नेलं. ओट्टो त्यांना पोस्टमन समजतो. "आज काही पत्र?" "आज नाही, उद्या नक्की." दर रविवारी हेच. एमेटनी त्याची नखं कापली, हनुवटी पुसली.

परतताना सरोवराच्या बाजूने आलो. अजून बर्फ आहे काठाला. ते एकदम म्हणाले, "बर्नी, मी ऐंशी वर्षांचा होईन तेव्हा माझी नखं नोराला कापावी लागणार. मला त्याचीच भीती वाटते. मरणाची नाही." मग म्हणाले, "तू आहेस ते बरं आहे. तुझ्यासमोर लाज वाटत नाही."

मी सिग्नल लाल असूनही पुढे गेले. मागून हॉर्न वाजले.

२५ मार्च, शनिवार

कन्फेशनला, म्हणजे फादरपाशी पापं कबूल करायला, गेले. चुगल्या सांगितल्या. ल्यूसिलबद्दलचे वाईट विचार सांगितले. जाळीपलीकडून फादरनी विचारलं, "आणखी काही?"

खरंच तोंड उघडलं होतं मी. आणि त्यातून निघालं, "एका शुक्रवारी चुकून सॉसेज खाल्लं."

"ईश्वर ते समजून घेईल," फादर म्हणाले. हसू आलं असावं त्यांना.

बाहेर येऊन पायरीवर बसले. अशी निर्लज्ज बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मेणबत्ती लावायला परत आतसुद्धा गेले नाही.

३० मार्च, गुरुवार

डॉक्टरांचा निकाल आला. काही सापडलं नाही. मला वाटलं, सुटले. पण एमेट म्हणाले, "सुरुवातीला सापडतच नाही. ओट्टोलाही नव्हतं सापडलं." नोराने मान हलवली. तिने क्लीव्हलंडमध्ये त्यांच्यासाठी खोली पाहिली आहे, तिच्या घराजवळ.

म्हणजे डॉक्टरसुद्धा त्यांना माझ्यापासून वाचवू शकत नाहीत.

४ एप्रिल, मंगळवार

सगळं लिहिते. जसं झालं तसं.

दुपारी एमेटनी शपथपत्र सांगायला घेतलं आणि मी टाइप करायला. उभे राहून सांगत होते, हात मागे. "सीलबंद ठेवायचा दस्तऐवज मी उघडा दाखल केला. तो मी कसा दाखल केला, हे मला आठवत नाही. माझ्या अशिलाचं नुकसान माझ्या ढळत्या स्मृतीमुळे झालं आहे. या स्मृतीवर माझाच विश्वास उरलेला नाही, म्हणून मी माझी वकिलीची सनद परत करत आहे." सनद हा शब्द त्यांनी दोनदा सांगितला.

मी टाइप केलं. शब्दन् शब्द. बोटं चालत होती.

"पाठव," ते म्हणाले. "आणि याला सील नको. मिसेस ड्रेपरची गोष्ट जगाने पाहिली, माझीही पाहू दे."

कागद चढवला. मशीनने लाल अक्षरांत विचारलं. या वेळी मी वाचलं. 'यातला कुठलाही दस्तऐवज सीलबंद नाही, सगळे सर्वांना दिसतील. चालेल का?' एवढंच विचारत होतं ते. इतकं सरळ.

"एमेट, ते तुम्ही नव्हतात."

"काय?"

"त्या शुक्रवारी तुम्ही फक्त अर्ज पाठवला. जोडपत्रं मी पाठवली. तुम्ही मला सांगून गेला होतात. मला माशांना जायची घाई होती. मशीनने विचारलं आणि मी न वाचता हो म्हटलं."

ते वळले. "मी तुला सांगितलं होतं? सीलबंद म्हणून?"

"दोनदा."

"दोनदा! जिन्यावरून परत येऊन?"

"हो."

"म्हणजे ते झालं होतं!" त्यांनी टेबलावर दोन्ही हात आपटले. "मला ते आठवत होतं, बर्नी! जिना आठवत होता, तू म्हणालीस मला शिकवताय, ते आठवत होतं. मला वाटलं, मी हे मागाहून मनातच रचलंय. ओट्टो असंच रचतो. मी रात्र रात्र ते घोकत पडत होतो!"

ते हसायला लागले. खरंच हसत होते. डोळ्यांतून पाणी, आणि हसणं. खिडकीशी गेले, परत आले, फोन उचलला. "नोरा! अगं, माझं डोकं ठिकाणावर आहे! चूक बर्नीची होती! हो, हो, बर्नीची!" इतक्या आनंदाने माझं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहू शकले असते. त्या हसण्यापुढे मला उभं राहवेना.

फोन ठेवला, खुर्चीत बसले, आणि हळूहळू हसू उतरलं. माझ्याकडे बघत राहिले.

"तू माझी तालीम घेतलीस," ते म्हणाले. "पाच शब्दांची."

"हो."

"पाचवा चमचाच होता ना?"

"चमचाच होता."

चढवलेला कागद त्यांनी न पाठवताच मला पुसायला लावला आणि नवा घ्यायला सांगितला. 'मी, बर्नडेट कुचिन्स्की, शपथेवर सांगते की.' सगळं लिहिलं, मासेसुद्धा. त्यांनी वाचून एक स्वल्पविराम दुरुस्त केला. मग मला उठवून माझ्या खुर्चीत बसले आणि बटण स्वतः दाबलं. मी मागे उभी होते.

"मिसेस ड्रेपरना तू सांगायचंस," ते म्हणाले. "फोनवर नाही."

७ एप्रिल, गुड फ्रायडे

फिश फ्रायला गेले नाही. ल्यूसिलला कळवलं, मासे जळले तरी चालतील.

मिसेस ड्रेपर पूर्वेलाच राहतात, रेल्वेच्या पलीकडे. ओट्यावर टेव्हिनची सायकल अजून उभी आहे. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "अगं, ये ना आत! कॉफी टाकते." मी म्हटलं, आत नको. जाळीचं दार आमच्या दोघींच्या मध्ये ठेवूनच सांगितलं.

सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी त्या माणसाला म्हटलं, डोक्यात भुसा भरलाय. तू तिथे होतीस."

"हो."

"मला पाणी दिलंस."

"हो."

"मी तुझ्या गळ्यात पडले. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. कसा फिरला गं तुझा हात?"

मी म्हटलं, "मला लाज वाटते."

"लाज मला नकोय तुझी. ती घेऊन मी काय करू? ती बंदूक आता कुठल्या कुठल्या घरात छापली जात असेल, तुझ्या लाजेने ती थांबणार आहे का?"

"नाही."

"चूक मी माफ केली असती, बर्नडेट. आईशपथ केली असती. घाईत माणूस चुकतो. माझा टेव्हिन घाईत दार उघडं टाकून जायचा. पण तू नंतरसुद्धा रोज माझ्याशी फोनवर बोलत होतीस."

त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आणि मी पायऱ्या उतरायला लागले. तेवढ्यात कोट घालून बाहेर आल्या. दाराला कुलूप लावलं.

"चल. गाडी काढ. मला त्या म्हाताऱ्याकडे ने. मला त्याची माफी मागायची आहे."

एमेटच्या दारात गाडी थांबवली. मी माझ्या बाजूचं दार उघडलं, तशी त्या म्हणाल्या, "तू नाही. तू इथेच बस."

मी बसले. स्वयंपाकघराचा दिवा लागला. खिडकीतून दिसत होतं, दोघं टेबलापाशी समोरासमोर. आधी मिसेस ड्रेपर बोलत होत्या, मग एमेट. मग एमेटनी उठून किटली ठेवली. कपाट उघडून कप काढताना दिसले. दोन.

१० एप्रिल, सोमवार

ईस्टर काल झाला, म्हणजे फादरना दिलेला शब्द संपला. तरी आजचं लिहून ठेवते.

नोरा परत गेली. काल एमेट ओट्टोकडे स्वतः गाडी चालवत गेले. मला विचारलं नाही. मिसेस ड्रेपरनी खटला त्यांच्याकडेच ठेवलाय. जजबाईंनी त्यांच्यावर काही ठपका ठेवला नाही, पण बंदीही परत घातली नाही. घालून उपयोग नाही, म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आज मला काढतील. मनातल्या मनात मी खोकासुद्धा भरला होता. टेबलावर नेहमीसारखी माझी कॉफी ठेवलेली होती, दूध जास्त, जशी मला लागते तशी. एमेट आतून म्हणाले, "सुप्रभात, बर्नी." कुत्रीचं नाव घेतलं नाही.

दुपारी टेव्हिनच्या दाव्यातला एक कागद पाठवायचा होता. मी कोर्टाची साइट उघडली आणि सवयीने त्यांचं नाव घातलं, त्यांचा पासवर्ड घातला. चुकीचा, असं आलं. मला वाटलं, बोट चुकलं. पुन्हा सावकाश घातला. पुन्हा चुकीचा.

मी त्यांच्या दाराकडे पाहिलं. ते दारात येऊन उभे होते, हात पुढे करून.

"आण, मी पाठवतो," ते म्हणाले.

मी कागद दिला. त्यांनी दार लावून घेतलं नाही, अर्धवटच लोटलं.